काळतोंडी आणि एकशेचोवीस

“दोघींपैकी एक जाणार, एवढं ठरलंय,” द्राक्षवेलीच्या काटक्या गुडघ्यावर मोडत ऑरिओल म्हणाला. “कुठली, ते आज तो माणूस सांगेल. मग कोणी भांडायचं नाही.”

“भांडतंय कोण?” आत्या म्हणाली. ती दगडी बाकावर बसून बदाम सोलत होती आणि सकाळपासून एकटीच भांडत होती.

फेब्रुवारीतला रविवार होता, बाबा गेल्यानंतरचा काल्सोतांचा, म्हणजे जाळावर भाजायच्या कोवळ्या कांद्यांचा, पहिला रविवार. दरवर्षी जाळ बाबा करायचे आणि माझा भाऊ ऑरिओल नुसते सल्ले द्यायचा. या वर्षी जाळ त्याच्याकडे आला होता आणि सल्ले द्यायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून ते काम कोलोमा आत्याने अंगावर घेतलं होतं.

गावच्या वाइन आणि तेलाच्या सोसायटीला तिची शेड ईस्टरच्या आत रिकामी हवी होती. तिथे बाबांच्या दोन गाड्या चाळीस वर्षं शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक १९७२ची निळी एकशेचोवीस स्पोर्ट. दुसरी १९७७ची नारिंगी बाराशे स्पोर्ट, जिचं पुढचं तोंड काळ्या प्लास्टिकचं असल्यामुळे सगळा देश तिला बोकानेग्रा म्हणतो आणि आमचं घर काळतोंडी. दोन्ही सेआत कंपनीच्या, दोन्ही दोन दारांच्या, दोन्ही बार्सिलोनाच्या त्याच कारखान्यातल्या, जिथे बाबांची एकतीस वर्षं गेली. आमच्या घराच्या तळमजल्यावर एकच गाडी मावते, आणि तीही सरपण हलवलं तर.

ऑरिओलला एकशेचोवीस ठेवायची होती. आत्यालाही तीच. आई म्हणत होती, तुम्ही ठरवा. मला काळतोंडी हवी होती, आणि आज येणाऱ्या जुन्या गाड्यांच्या संग्राहकापुढे मांडता येईल असं एकही कारण माझ्याजवळ नव्हतं. तिच्यात मी गाडी चालवायला शिकले आणि शेजारी बसून बाबा गप्प राहायला शिकले. हे काही कारण नव्हे. त्रेचाळीस वर्षांच्या बाईने चारचौघांत बोलून दाखवावं असं तर नव्हेच.

“आत्या, तुला ती निळी कशाला हवी?” मी विचारलं. “तुला खरं तर तिचा राग यायला हवा.”

“राग माणसाचा असतो गं. सीटचा कशाला?”

एकशेचोवीस मुळात आत्याच्या होणाऱ्या नवऱ्याची होती. तो कापडाचा फिरता विक्रेता होता. दोन वर्षं दर रविवारी तो तिला त्या गाडीतून समुद्रावर न्यायचा. मग कळलं की दर गुरुवारी तो ल्येय्दाच्या एका मुलीलाही फिरवतो, आणि तिच्याशीही त्याचं लग्न ठरलंय. लग्न मोडलं, आणि तोंड लपवून गाव सोडताना त्याने गाडी बाबांना विकली. “नवरा नाही तर नाही, गाडी तरी घरात आली,” असं आजी म्हणाल्याचं सांगतात.

“दोन वर्षं मूर्ख बनले,” आत्या म्हणाली, “पण त्याहून ऐसपैस सीटवर मी जन्मात बसले नाही.”

“बघ केरा,” ऑरिओल मला म्हणाला. “दोन मतं. आई तटस्थ. तुझं काय?”

“माझं काही नाही,” मी म्हटलं.

आई खिडकीत उभी राहून सॉस ढवळत होती. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा ढवळायला लागली.

*

शुक्रवारी काय झालं ते ऑरिओलने मला पुढे महिन्याभराने सांगितलं. थोडं स्वतःच्या बाजूने सांगितलं असणार, पण मुद्द्याला धरून.

टायरमध्ये हवा भरायला म्हणून तो शेडवर गेला होता. दार सरकवलं, उजेड आत आला, आणि त्याला दिसलं की काळतोंडीचं तोंड करडं पडलंय. चुलीतल्या राखेसारखं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. गाडी नवी घेतली त्या दिवशी कारखान्यासमोरच्या बारमध्ये बाबा सगळ्यांदेखत म्हणाले होते, “ही माझ्याआधी पांढरी पडायची नाही.” काळं प्लास्टिक उन्हात करडं पडतंच, कुठलंही, कोणाचंही. बाबांचे केस चाळिशीत पांढरेशुभ्र झाले. काळतोंडीचं तोंड मात्र काळं कुळकुळीत राहिलं. ही गोष्ट बाबांनी प्रत्येक लग्नात सांगितली, प्रत्येक बाप्तिस्म्याला सांगितली, एकदा डोळे तपासताना डॉक्टरलाही सांगितली. कारखान्यात हे तोंड मी स्वतः बसवलंय, म्हणायचे, हाताचा गुण आहे.

आणि बाबांना जाऊन चार महिने होतात न होतात तोच हे.

ऑरिओल बराच वेळ एका जुन्या टायरवर बसून राहिला. तो हाताखालच्या छपन्न माणसांकडून काम करून घेणारा इसम, पण तेव्हा त्याला एवढंच वाटलं की हे आईला दिसता कामा नये. घरी येऊन त्याने स्वयंपाकघरातून ऑलिव्ह तेलाची बाटली उचलली. आमच्या घरी तेल कायम दुथडी भरून वाहत असतं. कोणाच्या लक्षात येणार नव्हतं. शेडमध्ये जाऊन त्याने अर्धी बाटली काळतोंडीच्या तोंडाला चोळली. तोंड पुन्हा काळं झालं, झगमगायला लागलं. तो खूश होऊन घरी आला आणि रविवारी सकाळी दोन्ही गाड्या अंगणाच्या फाटकाशी आणून त्याने उन्हात उभ्या केल्या. जाळापासून दहा पावलांवर.

*

सेन्योर आर्तिगास ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी आले. तारागोनाचे निवृत्त दंतवैद्य, कृश, टापटीप, हातात छोटी विजेरी. फाटकाशी ते थबकले.

काळतोंडीच्या तोंडावर राखेचा मऊ थर बसला होता, आणि दोन मांजरं, एक शेजारच्यांचं आणि एक कोणाचंच नाही असं, अगदी मन लावून ते चाटत होती.

“ही गाडी,” आर्तिगास म्हणाले, “नेहमी अशीच स्वच्छ करता का?”

“हाड्!” ऑरिओल धावला. मांजरं हलली नाहीत.

“अरे, हे आर्बेकिना ऑलिव्हचं तेल दिसतंय,” आत्याने बोट लावून चाखलं. “आपलंच आहे. मुला, तू गाडीला सॅलड समजलास का?”

मी हसले. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा आवाज करून हसले, आणि माझ्याच आवाजाने दचकले. खिडकीत आई हसत नव्हती. ती काळतोंडीकडे बघत होती, आपण गॅस बंद करायला विसरलो की काय असं आठवत असल्यासारखी.

आर्तिगास मात्र गुडघ्यांवर बसले, विजेरी लावली आणि काळतोंडीच्या तोंडात असे डोकावले जसे पेशंटला “आ करा” म्हणत असावेत.

*

आमच्या गावाहून डोंगरावरच्या मठाकडे जाणाऱ्या रस्त्याला सात वळणं आहेत. गाडी पारखायची तर तिथेच, असा बाबांचा नियम होता. आर्तिगासनी आधी एकशेचोवीस घेतली. पुढच्या सीटवर आत्या बसली. तिला अडवायची कोणाची छाती नव्हती. मागे मी.

“ऐका,” पहिल्या वळणावर आर्तिगास म्हणाले. “दोन कॅमशाफ्टचं इंजिन. आता बघा, चार हजार फेऱ्यांच्या पुढे गातं.” ते खरंच गात होतं. “पाच गिअर, चारही चाकांना डिस्क. बाहत्तर साली मंत्र्याच्या गाडीला नव्हतं हे सगळं. आणि मागची चाकं ढकलतात, त्यामुळे वळणात ती तुम्हाला विचारते, जाऊ का? आणि तुम्ही हो म्हणता.”

“तुम्ही दातांचेच डॉक्टर ना?” आत्याने विचारलं.

“चाळीस वर्षं, सेन्योरा.”

“बायका बऱ्याच यायच्या असतील.”

तिसरा गिअर टाकताना खरखर झाली. आर्तिगासनी भुवई उचलली. “गिअरबॉक्सचा सिंक्रो गेलाय. दारांखाली गंजही आहे, मी मघाशी टोचून पाहिलं. होण्यासारखं आहे सगळं. सुटे भाग अजून मिळतात.”

 वळणांमागून वळणं गेली. आत्या आधी डोळे मिटून बसली होती. समुद्र आठवायचा बेत होता, असं तिने मला नंतर सांगितलं. पण आठवत होतं ते भलतंच. तिची बोटं सीटची कड चाचपत होती. तिथे एक चीर असायला हवी होती, तिच्या सँडलच्या बकलने पडलेली. चीर नव्हती.

“सीट बदललीय,” उतारावर ती म्हणाली.

“बाबांनी नव्वद साली नवीन कव्हरं घातली, आत्या.”

“मला सांगितलं नाही.” तिने सीटच्या कडेवरून बोटं काढून घेतली. “म्हणजे मी पंचवीस वर्षं भलत्याच सीटबद्दल बोलतेय.”

काळतोंडीत मी पुढे बसले आणि ऑरिओल मागे, गुडघे कानांशी. पहिल्याच वळणावर आर्तिगास गप्प झाले. काळतोंडीत बोलता येत नाही. इंजिन लहान, आवाज मोठा. ही पुढून ओढत नेते, तक्रार करत, पण रस्ता सोडत नाही. डॅशबोर्डवरचं प्रत्येक घड्याळ चालवणाऱ्याकडे तोंड करून असतं. शेजारी बसणाऱ्याला काही दिसत नाही. त्याने खिडकीबाहेर बघायचं आणि विश्वास ठेवायचा. बाबा तसेच बसायचे, हात मांडीवर पालथे ठेवून. पाचव्या वळणावर मी एकदा भिंतीला घासणार होते, तेव्हाही हात उचलला नाही त्यांनी. फक्त “हं” म्हणाले.

मी हात मांडीवर पालथे ठेवले होते हे माझ्या नंतर लक्षात आलं.

*

भाजलेले काल्सोत वर्तमानपत्रात गुंडाळून, ताटांऐवजी मांडलेल्या कौलांवर मुरत पडले होते. टेबलाभोवती सगळ्यांनी लाळेरी बांधली, आर्तिगासनीसुद्धा. काळं झालेलं वरचं साल ओढून काढायचं, पांढरा मऊ कांदा सॉसमध्ये बुडवायचा, मान मागे टाकून तोंडात सोडायचा. पाच मिनिटांत आमचे सगळ्यांचे हात कोळशासारखे झाले. दंतवैद्यांनी पंचवीस खाल्ले. आत्याने मोजले.

“तर,” ऑरिओल म्हणाला, आणि पोरो, लांब चोचीची काचेची सुरई, उचलून वाइनची धार तोंडात सोडली. “सांगा.”

आर्तिगासनी तोंड पुसलं. “चालवायला एकशेचोवीस. त्यात वादच नाही. तीच जास्त वेगाची, जास्त देखणी, आणि तुम्हाला घाट दिसला की हसू येईल. पण तशा अजून बऱ्याच आहेत, याहून चांगल्या स्थितीतल्या. बोकानेग्रा तरुण पोरांनी घेतल्या, पळवल्या, आपटल्या. पहिल्यांदा फुटलं ते तोंड. आज मूळ तोंड असलेली, न रंगवलेली, शोधून सापडत नाही. आणि तुमचं तोंड मूळचं आहे, सेन्योरा नेउस. तेल आणि मांजरांची लाळ सोडली तर.” ते आईकडे बघून अदबीने हसले. “वळणात डोलणाऱ्या कमरेचं ऐकलं तर निळी. डोक्याचं ऐकलं तर नारिंगी. मी नारिंगी नेईन. आजच सांगत असाल तर आजच.”

ऑरिओलने समाधानाने मान हलवली. मी एक काल्सोत घेतला. साल निघेना.

“एकच शंका,” आर्तिगास उठत म्हणाले. “त्या राखेखाली नेमकं काय आहे ते बघतो.” त्यांनी कागदी रुमाल घेतला, फाटकाशी जाऊन काळतोंडीच्या दिव्याजवळची खोबण घासली आणि रुमाल घेऊन परत आले. रुमाल काळाकुट्ट होता.

“काल्सोतचं असेल,” ऑरिओल म्हणाला. “सगळ्यांचे हात तसलेच आहेत.”

“काल्सोतला मेणाचा वास येत नाही.” त्यांनी रुमाल नाकाशी नेला. “बूटपॉलिश आहे हे. वरवरचं नाही. खोबणींत थरांवर थर बसलेत. वर्षानुवर्षांचे.”

“शक्य नाही,” ऑरिओल म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. “माझ्या वडलांनी त्या तोंडाला कधी काही लावलं नाही. अख्ख्या कारखान्याला माहीत आहे. मुद्दाच तो होता. कधीच करडं पडलं नाही ते.”

“त्याने नाही लावलं,” आई म्हणाली. “मी लावायचे.”

 जाळावर सॉसेज तडतडत होते.

“पहिल्याच उन्हाळ्यात कडेने करडं दिसायला लागलं,” आई हातातलं साल शांतपणे सोलत राहिली. “आणि हा तर गावभर सांगून बसलेला. मला वाटलं, एकदा लावू. मग दर महिन्याचं झालं. शनिवारी जेवून तो आडवा झाला की.”

“आणि शेडवर काय सांगून जायचीस?” आत्याने विचारलं.

“सोसायटीतून तेल आणते म्हणून.”

ऑरिओलने हळूच स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. दारामागे तेलाचे पाच लिटरचे सहा कॅन रांगेत होते. “म्हणून,” तो म्हणाला.

“म्हणून.”

“चाळीस वर्षं,” आत्या म्हणाली. “चाळीस वर्षं तू माझ्या भावाच्या गाडीच्या तोंडाला काळं फासलंस आणि त्या भोळ्याला पत्ता नाही.” आणि ती जी हसायला लागली ती थांबेना. डोळे पुसायला हात वर नेला आणि कपाळभर काजळी माखून घेतली, मग आम्हीही सुटलो, आईसुद्धा. आर्तिगास आधी सभ्यपणे आणि मग असभ्यपणे हसले.

हसणं ओसरल्यावर त्यांनी विचारलं, “गाडीचे कागद? डागडुजीची नोंद वगैरे काही?”

“काळतोंडीचे सीटखालच्या पिशवीत,” ऑरिओल म्हणाला. “मी हात लावलेला नाही.”

मी हात धुऊन गेले. कातड्याची पिशवी बाबांच्या सीटखाली होती. आत गाडीचं कार्ड, एक जाड वही, आणि तळाशी काहीतरी गोल, दुकानाच्या कागदात गुंडाळलेलं. ते तसंच ठेवून मी पिशवी टेबलावर आणली.

वही पाहून आर्तिगासचा चेहरा उजळला. संग्राहकांना अशा वहीसारखं सुख नाही. त्यांनी चष्मा चढवला, मधलंच एक पान उघडलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

“‘मार्च ब्याऐंशी. प्लग बदलले. पंख्याचा पट्टा. बूटपॉलिश काळं, एक डबी.’” ते थांबले. पान उलटलं. “‘जुलै. तेल, फिल्टर. बूटपॉलिश काळं, एक डबी.’ ‘नोव्हेंबर. पुढचे ब्रेक. बूटपॉलिश, एक.’” त्यांनी बरीच पानं एकदम उलटली. “‘दोन हजार तीन. बॅटरी. बूटपॉलिश काळं, एक डबी. सिंकखाली ठेवली.’”

आता आत्या हसत नव्हती.

“पॉलिश मी कधी आणलंच नाही,” आई सावकाश म्हणाली. “डबी संपत आली की मनात म्हणायचे, उद्या आणायला हवी. मग बघायचे तर असायची. मला वाटायचं, मीच आणून विसरले.”

“पण बाबांचे तर काळे बूट...” ऑरिओलने वाक्य सोडलं. बाबा जन्मभर कापडी चपला आणि तपकिरी बूट वापरायचे. काळे बूट एकच जोड, आणि तो आता त्यांच्याबरोबर होता.

“शेवटची नोंद,” आर्तिगास म्हणाले. आवाज त्यांनी आपसूक खाली आणला होता. “‘तेवीस सप्टेंबर. हवा. बूटपॉलिश काळं, एक डबी.’ सिंकखाली ठेवली असं पुढे नाही.”

मी पिशवीतून ती गोल वस्तू काढली आणि कागद सोडला. नवी कोरी डबी. झाकणाची पट्टीही फोडलेली नव्हती.

“ऑक्टोबरात संपली होती,” आई म्हणाली. “मी सिंकखाली पाहिलं. नव्हती. दोन-तीनदा पाहिलं. मग सोडून दिलं.”

तिने हात पुढे केला नाही. डबी टेबलाच्या मधोमध राहिली, सॉसच्या वाडग्याशेजारी.

आर्तिगासनी वही मिटली आणि दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली. ती त्यांना किती हवी होती ते दिसत होतं. ते काही बोलण्याआधीच ऑरिओल म्हणाला, “सेन्योर आर्तिगास, तुम्ही निळी न्या.”

“मी नारिंगी म्हणालो होतो.”

“ऐकलं मी.” त्याचा चेहरा तांबडा झाला होता. दर हंगामात बाबा त्याला फुटबॉलला एकशेचोवीसमधून न्यायचे, मला माहीत होतं. मी टेबलाखालून त्याचा हात धरला. माझा धुतलेला हात पुन्हा काळा झाला.

“न्या हो ती,” आत्या म्हणाली. “तिला सोडून जायची सवय आहे. आणि सीटही माझी राहिली नाही.”

दंतवैद्यांनी आमच्या तोंडांवरून एकेक करून नजर फिरवली. मग लाळेरं सोडून त्याची नीट चार पदरी घडी घातली. “कमरेने मला तिसऱ्या वळणावरच सांगितलं होतं,” ते म्हणाले. “डोक्याचं काय, ते नेहमीच उशिरा गप्प बसतं. तिसरा गिअर मी दुरुस्त करून घेईन. आणि सेन्योरा कोलोमा, उन्हाळ्यात कधी समुद्रावर यायचं असेल तर...”

“गुरुवारी तुम्ही काय करता?” आत्याने विचारलं.

“गुरुवारी? काही नाही. घरीच असतो.”

“बघू,” आत्या म्हणाली, आणि संत्रं सोलायला घेतलं.

चार वाजता निळी गाडी फाटकातून बाहेर पडली. तिसऱ्या गिअरची खरखर चर्चच्या कोपऱ्यापर्यंत ऐकू आली. ऑरिओल सरपण हलवायला लागला. आई आणि मी बादलीत कोमट पाणी आणि साबण घेऊन काळतोंडीपाशी गेलो, राख धुतली, तेल धुतलं, मांजरांना हाकललं. खाली तोंड करडं होतं. उन्हात ते मला तितकंसं वाईट दिसलं नाही.

“आत्ताच लावूया का?” डबी आणून मी विचारलं. “मी लावते. तू फक्त दाखव.”

आईने हात पुसले. डबी घेऊन एकदा उलटसुलट पाहिली, आणि मला परत दिली.

“आत्ता नको. शनिवारी करू,” ती म्हणाली. “तो जेवून आडवा झाला की.”

आत्याने बाकावरून मान वर केली आणि पुन्हा संत्र्याकडे वळवली. ऑरिओल लाकडं रचत होता. कोणीही आईची चूक सुधारली नाही. मी आत गेले आणि डबी सिंकखाली, नेहमीच्या जागी ठेवली.